आधी गाळणी, मग चिठ्ठी: ॲसिडिटीच्या ऑपरेशनच्या ट्रायल्स कशा वाचायच्या

(ऑडिओमध्ये जे बोललो तेच इथे थोडं साफ करून लिहिलंय. ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागे वाजणारी कुकरची शिट्टी काढून टाकली आहे.)

मागच्या महिन्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. त्याच्या आईला बरीच वर्षं छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रास आहे. एंडोस्कोपीत हायटस हर्निया निघाला. सर्जन म्हणाले, दुर्बिणीतून ऑपरेशन करता येईल. घरातले मोठे म्हणाले, पित्तासाठी कुणी ऑपरेशन करतं का, गोळ्या चालू ठेव. पठ्ठ्याने मग रात्रभर फोनवर वाचलं. एका ठिकाणी ‘ऑपरेशन भारी’, दुसऱ्या ठिकाणी ‘गोळ्या तितक्याच भारी’, आणि दोन्हीकडे खाली मोठ्या क्लिनिकल ट्रायलचा हवाला. त्याचा प्रश्न एवढाच होता, की दोन्ही खरं कसं असेल?

प्रश्न चांगला आहे. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे तुमच्या आईने काय करावं हे मी सांगणार नाही. पण ट्रायल म्हणजे शेवटी एक प्रयोग असतो. त्यात कोणाला घेतलं, काय मोजलं आणि कधी मोजलं, हे वाचायला डॉक्टर असावं लागत नाही.

आधी शरीराची थोडी रचना बघू. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक पडदा असतो, श्वासपटल. अन्ननलिका त्या पडद्यातल्या एका भोकातून खाली येऊन जठराला मिळते. त्या भोकाला हायटस म्हणतात. भोक सैल झालं की जठराचा वरचा भाग त्यातून छातीत सरकतो, हा झाला हायटस हर्निया. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला एक झडप असते, म्हणजे खरं तर आवळून राहणारा स्नायू. तिला बाहेरून पडद्याचा आधार असतो. हर्निया झाला की तो आधार जातो आणि जठरातलं आम्ल वर यायला वाट मिळते.

आपण ज्या गोळ्या रिकाम्या पोटी घेतो, पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल वगैरे, त्या जठरात आम्ल तयार होणं कमी करतात. झडप दुरुस्त करत नाहीत. पाणी वर येतच राहतं, फक्त ते कमी आंबट असतं. ऑपरेशन उलट बाजूने जातं. जठर खाली ओढायचं, पडद्यातलं भोक टाके घालून लहान करायचं आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती मफलरसारखा गुंडाळून शिवायचा. याला फंडोप्लिकेशन म्हणतात. रुडॉल्फ निसेन या सर्जनने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला १९५५ साली ते केलं आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलं, म्हणून पूर्ण गुंडाळीला आजही ‘निसेन’ म्हणतात. तेव्हा त्यासाठी पोट उघडावं लागायचं. १९९१ मध्ये बेल्जियमच्या लिएजमधून बर्नार्ड दालमान्य यांनी दुर्बिणीतून केलेल्या निसेनचा अनुभव छापला आणि चार-पाच छोट्या छिद्रांमधून हे ऑपरेशन जगभर होऊ लागलं. (आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी, १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी देशातलं पहिलं दुर्बिणीतलं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं होतं. म्हणजे आपण फार मागे नव्हतो.)

आता आपल्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे येऊ. त्याला सापडलेल्या दोन ट्रायल्स बहुतेक याच असणार.

पहिली युरोपातली, नाव लोटस. ११ देश, ५५४ रुग्ण. अर्ध्यांच्या आसपास लोकांना दुर्बिणीतलं ऑपरेशन, बाकीच्यांना एसोमेप्राझोलची गोळी, गरज पडली तर डोस वाढवायची मुभा. पाच वर्षांनी, २०११ मध्ये निकाल छापला. त्रास आटोक्यात राहिलेल्यांचं प्रमाण गोळीवाल्यांत ९२ टक्के, ऑपरेशनवाल्यांत ८५ टक्के. म्हणजे ऑपरेशन काही जिंकलं नाही.

दुसरी अमेरिकेतली, माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांमधली, स्टुअर्ट स्पेक्लर यांच्या गटाची. २०१९ मध्ये छापली. तिथे एक वर्षाने ऑपरेशन यशस्वी ठरलेले २७ पैकी १८, म्हणजे ६७ टक्के. ओमेप्राझोल आणि सोबत आणखी औषधं घेतलेल्यांत २५ पैकी ७, म्हणजे २८ टक्के. ओमेप्राझोल आणि सोबत नुसती साखरेच्या गोळीसारखी खोटी औषधं घेतलेल्यांत २६ पैकी ३, म्हणजे १२ टक्के. इथे ऑपरेशनने सरळ मैदान मारलं.

ऑपरेशन तेच, गोळीचं कुळही तेच, तरी निकाल उलटा. फरक पडला दारावर, म्हणजे ट्रायलमध्ये आत कोणाला घेतलं त्याने.

लोटसमध्ये चिठ्ठी टाकायच्या आधी प्रत्येकाला काही आठवडे एसोमेप्राझोल दिलं गेलं. ज्यांना त्या गोळीने बरं वाटलं तेच आत आले. म्हणजे प्रश्न असा होता: ज्याला गोळी लागू पडते, त्याने गोळी चालू ठेवावी की ऑपरेशन करावं? अशा लोकांत गोळी ९२ टक्क्यांवर जाणार, यात नवल काय? खर्च गोळी बनवणाऱ्या ॲस्ट्राझेनेकाने केला होता, तेही माहीत असू द्या. मला त्यात लबाडी वाटत नाही, प्रश्न खरा आणि उपयोगाचा आहे. फक्त तो आपल्या श्रोत्याच्या आईचा प्रश्न आहे का, हे आधी बघायला हवं. गोळीने तिचं बरं चाललंय का?

अमेरिकन ट्रायलचा प्रश्न नेमका दुसरा होता: गोळी घेऊनही ज्याची जळजळ थांबत नाही, त्याचं काय करायचं? आणि इथे, माझ्या मते, या सगळ्या विषयातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट चिठ्ठी टाकण्याच्या आधीच घडली. निकालाच्या आकड्यांपेक्षा मला तीच जास्त आवडते.

‘गोळीने फरक पडत नाही’ म्हणून ३६६ लोक त्यांच्याकडे पाठवले गेले होते. त्यांना लगेच ऑपरेशन टेबलवर घेतलं नाही. आधी दोन आठवडे ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, नाश्त्याच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या आधी, नीट समजावून सांगून दिलं. एवढ्यानेच ४२ जणांना आराम पडला! ही गोळी जेवणाआधी घ्यावी लागते, कारण जेवताना आम्ल बनवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि गोळी त्यांना त्याच वेळी पकडते. जेवून, शतपावली करून, झोपताना आठवली म्हणून घेतली तर तिचा जोर कमी पडतो. आपल्यातले किती जण ती तशीच घेतात ते सांगायला नको.

मग उरलेल्यांच्या तपासण्या झाल्या: एंडोस्कोपी, अन्ननलिकेचा छोटा तुकडा काढून तपासणी, अन्ननलिकेच्या स्नायूंचा दाब मोजणारी मॅनोमेट्री, आणि नाकातून बारीक नळी घालून चोवीस तास आम्ल आणि वर येणारं पाणी मोजणारी पीएच-इम्पीडन्स चाचणी. इथे ७० जण गळले, कारण तपासण्या पूर्णच केल्या नाहीत (नाकात नळी घालून दिवसभर हिंडायचं म्हटल्यावर मी तरी काय केलं असतं कोण जाणे). ५४ जण इतर कारणांनी बाहेर. २३ जणांना अन्ननलिकेचा वेगळाच आजार निघाला. आणि ९९ जणांची जळजळ रिफ्लक्समुळे नव्हतीच. म्हणजे जळजळ खरी, त्रास खरा, पण चाचणीत आम्ल वर येण्याचं प्रमाण नेहमीसारखं, आणि जळजळ उठते तेव्हा पाणी वर आलेलं नसतं. अन्ननलिकेच्या नसा जास्त हळव्या झालेल्या असतात. याला फंक्शनल हार्टबर्न म्हणतात. अशा माणसाच्या जठराची मफलर बांधून काय होणार? जी गळती नाहीच ती बुजवणार कशी?

४२, ७०, ५४, २३, ९९. बेरीज करा आणि ३६६ मधून वजा करा. उरले ७८. या ७८ जणांत चिठ्ठ्या टाकल्या आणि मग ते ६७ टक्के आले.

म्हणजे ‘गोळी लागू पडत नाही, तर ऑपरेशन चांगलं’ असं ही ट्रायल म्हणतच नाही. ती म्हणते, गोळी नीट घेऊनही लागू न पडलेल्या, आणि त्रास रिफ्लक्सचाच आहे असं चाचण्यांनी सिद्ध झालेल्या, जवळपास पाचातल्या एका माणसासाठी ऑपरेशन चांगलं. बातमीच्या मथळ्यात हे मावत नाही, त्यामुळे अर्धंच वाक्य फिरतं. आमच्या कामात म्हणतात तसं, बग रिपोर्ट आला म्हणून लगेच पॅच टाकू नका, आधी बग खरंच तिथे आहे का ते बघा.

दोन गोष्टी तरी खटकतात. एक, हे लोक माजी सैनिक, ३६६ पैकी २८० पुरुष. आपल्याकडच्या पन्नाशीतल्या बाईला हा आकडा जशाच्या तसा लावता येणार नाही. दुसरी, ज्याचं ऑपरेशन झालं त्याला ते झाल्याचं माहीत होतं. आपल्यावर एवढं काही केलंय म्हटल्यावर बरं वाटायला लागतं, ते ढोंग नसतं, मेंदूचं कामच तसं आहे.

मग यावर उपाय? खोटं ऑपरेशन! हसू नका, खरंच करतात. तोंडातून दुर्बीण घालून, पोटावर एकही छेद न देता आतूनच झडपेपाशी घडी घालण्याची एक पद्धत आहे, टिफ नावाची. तिच्या २०१५ मध्ये छापलेल्या ट्रायलमध्ये १२९ लोक होते. काहींना खरी घडी घातली आणि नंतर खोट्या गोळ्या दिल्या. उरलेल्यांना भूल देऊन, दुर्बीण आत घालून नुसतं थांबून बाहेर काढली, आणि नंतर खऱ्या ओमेप्राझोलच्या गोळ्या दिल्या. कोणाला काय मिळालं हे रुग्णांना माहीत नाही. अन्न वर येण्याचा त्रास गेला तो खऱ्यांत ६७ टक्क्यांचा, खोट्यांत ४५ टक्क्यांचा. फरक आहे, पण ४५ हा आकडा लक्षात ठेवा. हे अर्थातच सगळ्या रुग्णांना आधी समजावून, सही घेऊन, एथिक्स कमिटीच्या परवानगीने होतं. पोटाला छिद्रं पाडून खोटं निसेन करणं मात्र अवघड, म्हणून मोठ्या ऑपरेशनच्या ट्रायल्समध्ये ही उणीव राहतेच.

चिठ्ठीचीही एक गंमत आहे. ब्रिटनच्या रिफ्लक्स नावाच्या ट्रायलमध्ये ३५७ लोकांत चिठ्ठ्या टाकल्या. १७८ जणांना ‘ऑपरेशन’ आलं. पण पाच वर्षांनी बघितलं तर त्यातल्या ६३ टक्क्यांचंच ऑपरेशन झालेलं होतं. कोणी घाबरलं, कोणाला मधल्या काळात बरं वाटलं. आणि ‘गोळी’ आलेल्यांपैकी १३ टक्क्यांनी ऑपरेशन करून घेतलं. तरी मोजताना ज्याला जी चिठ्ठी आली त्याच गटात त्याला धरतात. वेडेपणा वाटतो ना? मलाही पहिल्यांदा वाटला. पण विचार करा, मागे हटणारे कोण असतात? कदाचित ज्यांचा त्रास कमी आहे ते, कदाचित ज्यांची तब्येत नाजूक आहे ते. त्यांना वगळलं तर दोन्ही गट सारखे राहतच नाहीत आणि चिठ्ठी टाकली कशाला असा प्रश्न पडतो. म्हणून या ट्रायलमध्ये पाच वर्षांनी ऑपरेशनच्या गटात ४४ टक्के लोक औषध घेत होते असं वाचलं, तर त्यात ऑपरेशन न झालेलेही मोजलेत हे विसरू नका. गोळीच्या गटात हाच आकडा ८२ टक्के होता.

‘ऑपरेशन झालं की गोळी कायमची सुटते’ असं कोणी छातीठोक सांगितलं, तर १९९२ ची अमेरिकेतली जुनी ट्रायल आठवावी. २४७ रुग्ण, पोट उघडून केलेलं ऑपरेशन विरुद्ध तेव्हाची औषधं. ऑपरेशन जिंकलं. पण ती औषधं ओमेप्राझोलच्या आधीच्या पिढीतली होती. आणि सुमारे दहा वर्षांनी त्याच लोकांना परत शोधून काढलं तेव्हा ऑपरेशन झालेल्यांपैकी ६२ टक्के लोक पुन्हा नेमाने औषध घेत होते.

‘कधी मोजलं’ याचं याहून चांगलं उदाहरण जाळीचं आहे. हर्निया मोठा असेल, जठराचा बराच भाग छातीत गेला असेल, तर नुसते टाके उसवतील या भीतीने भोकावर जाळी लावायची कल्पना निघाली. अमेरिकेतल्या १०८ रुग्णांच्या ट्रायलमध्ये डुकराच्या आतड्याच्या थरापासून बनवलेली, शरीरात विरघळणारी जाळी वापरली. सहा महिन्यांनी एक्स-रे काढले. नुसत्या टाक्यांत हर्निया परत आलेले २४ टक्के, जाळीत ९ टक्के. २००६ साली हा निकाल छापून आला आणि जाळीची चांगलीच हवा झाली. पुढे पाच वर्षांच्या आसपास त्याच लोकांचे परत एक्स-रे काढले. नुसते टाके: ५९ टक्के. जाळी: ५४ टक्के. फायदा गायब.

हे आकडे ऐकून कोणीही म्हणेल, अर्ध्याहून जास्त लोकांचा हर्निया परत येतो तर ऑपरेशन करायचं कशाला? पण थांबा. त्याच लोकांना त्रासाबद्दल विचारलं तेव्हा दोन्ही गटांत लक्षणं ऑपरेशनच्या आधीपेक्षा पुष्कळ कमी होती आणि तशीच कमी राहिली होती. परत टेबलवर जावं लागलेले अगदी थोडे. एक्स-रेमध्ये दोन सेंटिमीटर वर सरकलेलं दिसलं की ट्रायल त्याला ‘परत आला’ म्हणते, माणूस मात्र मजेत जेवत असतो. म्हणून निकाल वाचताना बघायचं, की हे अपयश फिल्मवरचं आहे की पोटातलं.

घाईची गोष्ट निघालीच आहे तर नेदरलँड्सची ट्रायल सांगतो. दुर्बिणीतून निसेन की पोट उघडून निसेन, अशी थेट तुलना. १०३ रुग्णांनंतर मधला हिशोब केला तर दुर्बिणीच्या गटात ७ जणांना गिळायला सतत त्रास, उघड्या गटात शून्य. ट्रायल मध्येच थांबवली, २००० साली छापली आणि टीका ओढवून घेतली. टीकाकारांचं म्हणणं, दुर्बिणीचं तंत्र नवीन, हात अजून बसायचे होते, तुम्ही नवशिक्यांची तुलना मुरलेल्यांशी केलीत. पुढे दहा वर्षांनी तेच रुग्ण तपासले तेव्हा रिफ्लक्सवरचा परिणाम दोन्हीकडे सारखा निघाला. उलट पोट उघडलेल्यांनाच परत ऑपरेशन जास्त वेळा लागलं होतं, त्यात छेदाच्या जागी झालेले हर्निया बरेच. सात विरुद्ध शून्य खोटं नव्हतंच, ते त्या वर्षाचं आणि त्या हातांचं होतं. सर्जनला ‘हे ऑपरेशन तुम्ही किती वेळा केलंय?’ असं विचारणं उद्धटपणा नाही, ते इथून येतं.

तोट्यांबद्दलही मोकळं बोलू. गुंडाळी घट्ट झाली तर घास अडकतो. ढेकर नीट येत नाही, मग हवा खालून वाट काढते. लोटसमध्ये पाच वर्षांनी पोट फुगण्याची तक्रार गोळीवाल्यांत २८ टक्के, ऑपरेशनवाल्यांत ४० टक्के. गॅस सुटण्याची ४० आणि ५७. गिळायला त्रास ५ आणि ११. याच्या दुसऱ्या बाजूला, आंबट पाणी वर येण्याची तक्रार गोळीवाल्यांत १३ टक्के आणि ऑपरेशनवाल्यांत फक्त २. ज्याला रात्री घशाशी पाणी येऊन खोकत उठावं लागतं तो हा सौदा आनंदाने करेल. ज्याला नुसती जळजळ आहे आणि ती गोळीने थांबते, तो कशाला करेल?

गुंडाळी पूर्ण न करता २७० अंशांवर सोडायची पद्धत आहे, तिला टुपे म्हणतात. स्वीडनमध्ये ४५६ लोकांत निसेन आणि टुपेची तुलना करून तब्बल १५ वर्षं पाठपुरावा केला. सुरुवातीला गिळण्याच्या बाबतीत टुपे सोपी, १५ वर्षांनी दोन्ही जवळपास सारख्या. अन्ननलिकेभोवती चुंबकी मण्यांची कडी बसवायचीही एक पद्धत आहे. तिच्या १५२ जणांच्या ट्रायलमध्ये सहा महिन्यांनी अन्न वर येणं थांबलेले ८९ टक्के, दुप्पट गोळीच्या गटात १०. आकडा डोळे दिपवतो, पण मोजलं काय, तर वर येणं. ते थांबवणं हे गोळीचं कामच नाही, हे आपण वर बघितलं.

आता आपल्या श्रोत्यासाठी. मित्रा, आईच्या डॉक्टरांना विचार: चोवीस तासांची पीएच चाचणी आणि मॅनोमेट्री झाली आहे का? नसेल, तर ऑपरेशनआधी करायची आहे ना? गोळी ती जेवणाआधी घेते का? तिला जास्त छळतं काय, जळजळ की पाणी वर येणं? आणि हे मात्र थांबून राहायचं नाही: घास अडकत असेल, वजन आपोआप कमी होत असेल, उलटीत रक्त किंवा शौचाला काळं होत असेल, तर लगेच दाखवा. छातीत दुखून घाम येत असेल तर पित्त समजून घरी बसू नका, आधी ईसीजी.

आणि ज्यांना स्वतः खणून बघायची हौस आहे त्यांच्यासाठी: आपल्या देशातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही २००७ पासून आहे, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया. २००९ पासून नोंद सक्तीची आहे आणि ती फोनवर कोणालाही फुकट बघता येते. साइट दिसायला आपल्या कॉलेजच्या रिझल्टच्या साइटसारखी आहे, तिकडे दुर्लक्ष करा. एखादी नोंद उघडली की आधी ‘इन्क्लूजन क्रायटेरिया’ वाचा, म्हणजे दारावर कोण उभं होतं ते कळेल. मग ‘प्रायमरी आउटकम’, आणि त्याच्या शेजारच्याच रकान्यात ‘टाइमपॉइंट्स’ लिहिलेले असतात. तिथे सहा महिने आहेत की पाच वर्षं, ते बघून घ्या.